मोकळं म्हटल्याशिवाय

माझ्या बापाने आयुष्यात फोडलेल्या वस्तू रस्त्यावर मांडल्या तर गल्लीच्या टोकापर्यंत जातील, आणि त्यातल्या निम्म्या वस्तू नसून माणसं असतील. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला त्याची दया आली तर ती ज्याची त्याने सांभाळावी, माझ्याकडे घेऊन येऊ नये.

मी टायरच्या दुकानात काम करते. ट्रकचं टायर रिमवरून उतरवायला टॉमी लागते, म्हणजे हातभर लांब लोखंडी दांडा. ती माझ्या हातात बघून गिऱ्हाईक "ताई" म्हणताना जरा अडखळतं. माझे दंड बापाचे आहेत. रागही त्याचाच. फरक एवढाच, की मी तो रबरावर आणि लोखंडावर काढते.

बाप गोदीत क्रेन चालवायचा. उंचावर काचेची केबिन, आत एक खुर्ची आणि दोन्ही हातांखाली दोन लिव्हर. तो हातांकडे कधी बघायचा नाही. नजर खाली जहाजाच्या पोटात, आणि हात आपले आपण चाललेले. सगळ्या क्रेनवाल्यांचं असंच. म्हणून त्यांच्यात एक रीत होती: पाळी बदलताना वर येणाऱ्याने केबिनच्या दाराबाहेर लोखंडी कठड्यावर दोनदा टकटक करायचं आणि थांबायचं. आतला माणूस काम संपवून लिव्हरवरचे हात उचलणार आणि म्हणणार, "मोकळं." मगच दुसऱ्याने उंबरा ओलांडायचा. मोकळं म्हटल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही, मग तो मालक का असेना.

एकदा एक नवा मुकादम आला. वर चढला, टकटक नाही की काही नाही, सरळ आत शिरला आणि "असं नाही, असं घ्या" म्हणत बापाच्या लिव्हरवर हात ठेवला. बाप खुर्चीतून उठला. त्याला कॉलरला धरून जिन्यावरून खाली आणला, खाली आणेपर्यंत त्याचे दोन दात जिन्यावर राहिले होते, आणि सामान उचलायच्या जाळ्यात टाकला. मग वर जाऊन जाळं उचललं, पाण्यावर नेलं आणि तिथेच लटकवून ठेवून स्वतः डबा खाल्ला. मुकादम वरून आईच्या नावाने रडत होता. खाली सगळी गोदी मान वर करून बघत होती, आणि "उतरव त्याला" असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. त्यांच्या मते मुकादमानेच चूक केली होती. तेव्हापासून बापाचं नाव पडलं हूक.

गोदीत रीत पाळणारा हा माणूस घरी मात्र कुठल्याच दारावर टकटक करायचा नाही. लाथ घालायचा. आमच्या न्हाणीघराच्या दाराला मी कधी धड कडी पाहिली नाही. भावाने त्याचा दाढीचा आरसा हलवला म्हणून भावाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. आईचं उजवं मनगट एकदा मोडून तिरकं जुळलंय, अजून बादली उचलताना ती हात वळवून धरते. मला पट्टा. एके दिवशी मी तो पट्टा हवेतच पकडला आणि सोडला नाही, तेव्हापासून माझ्या वाटचंही आईला मिळायला लागलं.

मग निवृत्तीच्या तोंडावर त्याला केबिनमध्येच झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. तोंडातून नुसतं "ब… ब…" निघायचं. डावा हात मात्र ठणठणीत. देवाने उरवायचा तर नेमका तोच उरवला! आणि मार कमी झाला म्हणाल, तर वाढला. पाणी हवं असलं की तांब्या फेकून मारायचा. कूस बदलून हवी असली की आईचे केस धरून खाली ओढायचा. भाऊ म्हणायचा, "बोलता येत नाही ना, म्हणून चिडतात बाबा."

"आणि बोलता येत होतं तेव्हा काय अंगाई म्हणत होते का रे?" मी विचारलं. त्याने चष्मा पुसला. उत्तर नसलं की तो चष्मा पुसतो.

मी आईला बजावलं, "यापुढे एकदा जरी हात उचलला, तर त्याची रवानगी लुळ्या-म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत. मी बोलून आलेय तिथे."

आई भांडी घासत होती. म्हणाली, "तिथे काम करणाऱ्या पोरी केवढ्या आहेत?"

"असतील माझ्यापेक्षा लहान."

"मग त्या मार खातील. मला निदान कुठून येतो ते माहीत असतं."

अशा बाईपुढे डोकं आपटून घ्यायचं की काय करायचं, सांगा.

भाऊ कंपन्यांमधले जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने मोडीत निघालेला एक घरी आणला आणि त्यात लिनक्स घातलं, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली. फुकट, खुलं, कुणीही उघडून बदलावं असं. बाबा डाव्या हाताने लिहितील आणि मशीन ते मोठ्याने बोलून दाखवेल, अशी त्याची योजना. चांगली होती, नाही म्हणत नाही. पण त्या लिनक्सची एक गंमत आहे. आतलं यंत्र एकच असतं, आणि वरचा चेहरा, म्हणजे पट्ट्या, बटणं, खिडक्या, हा वेगळा निवडायचा. त्याला डेस्कटॉप म्हणतात. मला समजावताना भाऊ म्हणाला, "क्रेन तीच ग, केबिन हवी ती बसव." आणि हे केबिन बसवणं म्हणजे त्याचं व्यसन. लोक चहा घेतात तसा हा रोज डेस्कटॉप बदलतो.

पहिली केबिन पावलाच्या चिन्हाची. दिसायला झकास, मोकळी, हवेशीर. तिच्यात खोड एकच: बाण डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात गेला की उघडलेलं सगळं आक्रसून पडदाभर पसरायचं. बापाच्या हाताला माउसची सवय नाही, त्यामुळे बाण सारखा कोपऱ्यात. त्याने एक अक्षर लिहिलं, सगळं पळालं. परत आणलं, परत पळालं. मग माउस भिंतीवर गेला, आणि माउसच्या मागोमाग भावाचं डोकं. केसांना धरून एकदाच आपटलं, पण असं की भिंतीचा पोपडा निघाला. भाऊ नाकातलं रक्त पुसत म्हणतो, "ते कोपऱ्याचं बंद करता येतं, बाबा." धन्य आहे!

दुसरी केबिन दातेरी चाकाची. "यात काहीही कुठेही हलवता येतं," भाऊ आनंदाने सांगत होता. मी म्हटलं, "गाढवा, तेच तर नकोय." पण ऐकेल तर शपथ. दुसऱ्याच दिवशी बापाच्या कोपराने खालची पट्टी ओढली गेली, ती एका बाजूला गेली, मग दिसेनाशीच झाली. बापाने थोडा वेळ शोधली. मग पडद्यातच मूठ घातली. आई त्याच्या बोटांना पट्टी बांधत होती, औषध झोंबलं, तर त्याने तिचंच बोट धरून मागे वाकवलं. हे मला नंतर शेजारच्या शिवणवाल्या मावशींकडून कळलं. आई मला म्हणाली होती, बोट दारात सापडलं. आमच्या घरात तिची बोटं नेहमी दारातच सापडतात.

तिसरी उंदराच्या चिन्हाची. करडी, जुनाट, काहीही न चमकणारी. भावाला ती बसवताना लाज वाटत होती. डाव्या काठाला एक जाड पट्टी, तिच्यावर लांब लांब तीन बटणं: वर "बंद", मध्ये "पूस", आणि सगळ्यात खाली, जिथे बापाचा हात आपोआप पडायचा, तिथे "बोल". काचेला हात लावून चालवायचा पडदा भावाने कुठूनतरी मिळवला, म्हणजे माउसची कटकट गेली. त्याला वर घड्याळ आणि हवामानसुद्धा टाकायचं होतं. मी पिशवीतली टॉमी टेबलावर ठेवली. घड्याळ बारगळलं.

बाप समोर बसला. पट्टीवरून हात फिरवला, वर, खाली, पुन्हा वर. मग नजर उचलून खिडकीबाहेर बघितलं आणि न बघता बरोबर "बोल"वर बोट ठेवलं. एका बोटाने त्याने लिहिलं, दाबलं, आणि मशीन म्हणालं, "पंखा." आपल्या भाषेतला आवाज एकच मिळाला होता, तो बाईचा. सपाट, शांत, स्टेशनवर गाडीची वेळ सांगतात तसा. आईने पंखा लावला. मग बापाने भावाला उद्देशून जी काही शिवी लिहिली, ती त्या बाईने इतक्या सभ्यपणे उच्चारली की आई तोंडावर हात ठेवून हसली. त्याच्यासमोर हसताना मी तिला पहिल्यांदा बघितलं. माझी टॉमीवरची मूठ आवळली होती. पण तो नुसता बघत राहिला.

आणि खरंच सांगते, मार थांबला. शिव्या चालू होत्या, "मीठ कमी", "कुठे होतीस", "मेलीस का", सगळं त्या बाईच्या आवाजात. पण हात टेबलावरच राहिला. आईच्या अंगावरचे जुने वळ पिवळे पडले आणि गेले. मी संस्थेचं नाव काढायचं सोडलं.

मग एका रविवारी माझा शहाणा भाऊ जेवायला आला. बाप दुपारचा झोपला होता. "फारच जुनाट दिसतंय," असं म्हणत भाऊ बसला मशीनसमोर आणि लागला सुधारायला. नवा साज चढवला. डावीकडची पट्टी काढून खाली आडवी केली, गोल चकचकीत बटणं बसवली, आणि डावीकडून क्रमाने लावली. म्हणजे जिथे "बोल" होतं, त्या कोपऱ्यात आता "बंद" आलं. शिवाय बंद करताना "नक्की का?" असं विचारणारा चौकोनही त्याने काढून टाकला, कारण त्याला विचारणारे चौकोन आवडत नाहीत. आणि कुणाला काही न सांगता गेला निघून. क्रेनवाल्याचा मुलगा! मुकादमाची गोष्ट त्याने माझ्याइतक्याच वेळा ऐकलेली.

बाप उठला आणि लिहायला बसला. पट्टीकडे त्याने बघितलंच नाही, तो बघतच नसे. त्या दिवशी त्याने पुष्कळ लिहिलं. आई येता-जाता बघत होती, पडदा अक्षरांनी भरत चालला होता. एरवी एका शब्दावर भागायचं. शेवटी त्याने "ब…" करून आईला हाक मारली. ती चहा घेऊन समोर उभी राहिली. त्याने तिच्याकडे बघत, पट्टीकडे न बघता, "बोल"च्या जागेवर बोट ठेवलं.

पडदा काळा झाला. लिहिलेलं सगळं गेलं.

बापाने कीबोर्ड वायरीला धरून उचलला आणि फिरवला. त्याची कड आईला कानाच्या वर लागली. चहा छातीवर सांडला, ती खाली पडली, आणि पडल्यावरही त्याने मारलं, वायर तुटेपर्यंत. शिवणवाल्या मावशी आवाज ऐकून आल्या, तेव्हा कीबोर्डची बटणं दारापर्यंत उडाली होती. त्यांनी मला फोन केला. मी ट्रक जॅकवर तसाच सोडला आणि टॉमी घेऊन धावत सुटले.

आई भिंतीला टेकून बसली होती. कानाला लावलेलं फडकं लाल झालं होतं. तो खुर्चीत, छाती वरखाली होतेय. मी टॉमी उचलली. डावा हात मोडायचा, बस, दुसरं काही डोक्यात नव्हतं. त्याने डोळे मिटले नाहीत, हेही सांगते. हातही मागे घेतला नाही.

"थांब," आई म्हणाली.

"नाही थांबत."

"त्याला मारायचा हक्क असलाच तर माझा आहे. रांगेत माझ्या मागे उभी राहा."

टॉमी मी खाली आणलीच. ती खुर्चीच्या हातावर बसली आणि लाकूड उभं चिरलं, त्याच्या हातापासून चार बोटांवर. मग मी आईला उचलून दवाखान्यात नेलं. टाके घालताना ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, कपाटाचं दार लागलं. मी म्हटलं, "बापाने मारलं, लिहा." डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे बघितलं आणि लिहिलं.

आम्ही घरी परतलो, आणि भाऊ पोचला तसा मी आधी त्याच्या कानाखाली वाजवली. चष्मा शिवणवाल्या मावशींच्या दारात जाऊन पडला.

"मी फक्त दिसायला सुधारलं होतं," तो रडकुंडीला आला. "मला काय माहीत! एवढं काय लिहिलं असेल त्यांनी? माफी असेल का ग?"

"माफीला अख्खी दुपार लागत नाही," मी म्हटलं.

"काहीही लिहिलं असो," आई म्हणाली, "माझ्यापर्यंत कीबोर्डच पोचला."

मी सांगितलं, उद्या संस्थेची गाडी येणार. आईने मान हलवली. नाही. मग ती भावाकडे वळली. "ती केबिन कुणाची?"

"बाबांची."

"आजपासून माझी. बस इथे आणि एकेक दाखव मला."

डोक्याला पट्टी, छातीवर भाजल्याचं मलम, आणि ही बाई डेस्कटॉप निवडायला बसली! भावाने उत्साहाने पुन्हा पाऊल दाखवलं, दातेरी चाक दाखवलं, एक कुठलं पाखराच्या चिन्हाचं दाखवलं. रंग, सावल्या, सरकणाऱ्या खिडक्या. आई सगळं बघून घ्यायची आणि प्रत्येकाला एकच विचारायची, "याला कुलूप कसं लावायचं?" भावाला आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, त्याने स्वतःलाही नाही. एकात दोन बटणं एकदम दाबायची होती, तिच्या तिरक्या मनगटाला जमेना. एकात यादी उघडून शोधायचं. "मार पडायला लागल्यावर यादी कोण शोधत बसेल रे?" ती म्हणाली. भावाने ते बंद केलं आणि पुढचं उघडलं.

शेवटी उंदराचंच ठरलं. पट्टी पुन्हा डावीकडे, बटणं जशीच्या तशी, "बोल" खाली. "त्यांच्या हाताला जागा सापडली पाहिजे," ती म्हणाली. "मला लबाडी नको. मला फक्त कडी पाहिजे." ती कडी तिने नव्या कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातल्या शेवटच्या बटणावर बसवून घेतली, खुर्चीच्या मागून हात लांबवला तरी पोचेल अशी. दाबलं की पडदा काळा. उघडायचा तर परवलीचा शब्द. तो टाकताना तिने आम्हा दोघांना खोलीबाहेर काढलं.

मग तिने बापाला समोर बसवलं. ती उभी, तो बसलेला. "अहो, ऐका," ती म्हणाली. "वाचा आता माझ्याकडे आहे. हात वर गेला की ही बंद." एवढंच.

फार दिवस गेले नाहीत. मी घरी होते, दाराशी बसून बूट काढत होते. उशी नीट लागली नाही की असंच काहीतरी क्षुल्लक. त्याचा डावा हात वर गेला. माझा हात पिशवीकडे गेला. पण आई माझ्याआधी पोचली. मागून बोट लांबवून तिने बटण दाबलं, पडदा काळा झाला, आणि तो हात तसाच हवेत. तिने चप्पल घातली, मला म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस," आणि शिवणवाल्या मावशींकडे निघून गेली.

बाप मशीनवर तुटून पडेल असं मला वाटलं. मूठ उचललीही त्याने. पण पडद्यापाशी नेऊन थांबवली. फोडला असता तर त्याचं बोलणारी ती मशीनमधली बाई कायमची गेली असती, हे त्याला कळत होतं. मग त्याने शब्द टाकून बघितले. आईचं नाव, माझं, भावाचं, क्रेनचा नंबरसुद्धा. पडदा हलला नाही. माझ्याकडे बघून "ब… ब…" केलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. खरंच नव्हतं. आणि असतं तरी! मी तिथेच बसून त्याच्याकडे बघत राहिले. पट्ट्याचा मार खाल्लेली प्रत्येक दुपार मला आठवत होती, आणि मला बरं वाटत होतं. उगाच कशाला नाकारू?

ऊन कलल्यावर आई आली. त्याच्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली, चहा केला, कपात ओतला आणि खुर्ची ओढून सावकाश प्यायला बसली.

तेव्हा बापाने डावा हात टेबलाकडे नेला आणि बोटाच्या पेराने लाकडावर दोनदा वाजवलं. टक टक. आणि थांबला.

त्या घरात मी जन्मले, वाढले, तिथलं एकेक दार त्याच्या लाथेने उखडलेलं पाहिलं. टकटक कधी ऐकली नव्हती. मी मान वळवून आईकडे बघितलं. आई मात्र चहा पीतच राहिली. कप रिकामा झाला, तिने तो विसळला, पालथा घातला, हात पुसले आणि मग आली.

"हात," ती म्हणाली.

त्याने डावा हात टेबलावर ठेवला. मग डाव्यानेच मेलेला उजवा उचलून शेजारी ठेवला. आईने मला नजरेनेच तोंड फिरवायला सांगितलं, शब्द टाकला, पडदा उजळला. ती खुर्चीपासून एक पाऊल मागे सरली.

"मोकळं," ती म्हणाली.

बापाने डावा हात कीबोर्डवर नेला. मग एका बोटाने लिहिलं आणि न बघता खाली बोट ठेवलं. ती शांत बाई बोलली, "चहा."

"संपला," आई म्हणाली.

मी त्याच्या हाताकडे बघत होते. तो टेबलावरच होता.

त्यानंतर हात कधी उठलाच नाही असं मी म्हणणार नाही. उठायचा. अर्ध्यावर यायचा, मग त्याची नजर त्या कोपऱ्यातल्या बटणाकडे जायची आणि हात आपला आपण खाली यायचा. तो गेला तेव्हा शेजारीपाजारी म्हणाले, शेवटी निवळला हो माणूस. आईने ते ऐकून घेतलं. सगळे पांगल्यावर ती मशीनपाशी गेली, पडदा उघडला, करड्या पट्टीकडे थोडा वेळ बघितलं. भाऊ म्हणाला, "आता तुझ्यासाठी छानसं काहीतरी बसवून देऊ का ग?"

"हात लावशील तर बघ," आई म्हणाली. "आधी विचारत जा."